आकडे टाकलेलं भाषण

भाद्रपद कोरडा सरत आला की आमच्याकडं आधी वेल्डिंगचे आवाज सुरू होतात. ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॉल्यांच्या फळ्या, कड्या, साखळ्या ठाकठीक करून घ्यायची घाई असते. पिठाच्या गिरणीवर बायकांची रांग लागते, कारण परमुलखात पोचल्या पोचल्या गिरणी शोधत कोण हिंडणार? उन्हाला एक पिवळट, आजारी रंग येतो. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या आधीच वाळतात आणि हाताने चुरल्या तर नुसता भुसा निघतो. यंदाही तसंच झालं. पोळ्याला दोन भुरभुऱ्या सरी आल्या, लोकांनी आभाळाकडं बघून हात जोडले, आणि दुसऱ्या आठवड्यात मुकादमांच्या मोटारसायकली वस्त्यांकडं वळल्या.

मी धारूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. याच दिवसांत मला एक पत्र आलं. उमापूरच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे, परीक्षक म्हणून यावं. विषय: ‘अणुऊर्जा हीच उद्याची स्वच्छ ऊर्जा आहे.’ पत्र वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवून दिलं. वर्गातली एक मुलगी त्याच स्पर्धेसाठी मुद्दे मागायला आली होती. तिच्या मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचे मुद्दे आधीच तयार होते. ती म्हणाली, “मॅडम, खरं उत्तर कोणतं ते सांगा, म्हणजे तीच बाजू घेते.” मी तिला उद्या ये म्हटलं. भौतिकशास्त्राच्या बाईंना उत्तर येत नाही हे तिला त्या दिवशी कळू नये, एवढाच माझा हेतू होता.

हाच विषय एकदा माझ्या वाट्याला येऊन गेला आहे. मी दहावीत होते, असाच भाद्रपद होता, असाच पाऊस दगा देऊन गेला होता.

तेव्हा लोडशेडिंग होतं. निम्मा दिवस लाईट नसायची, आणि असायची तेव्हा विहिरीत पाणी नसायचं. आमच्याच जिल्ह्यात कोळशावर वीज तयार व्हायची. तिची राख आम्हाला, वीज दुसऱ्यांना, असं लोक म्हणायचे. त्या वर्षी तर पाण्याअभावी तेही बंद पडलं. माझे वडील, आबा, वीज मंडळात वायरमन होते. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. ते सायकलवरून दिसले की पारावरचे म्हणायचे, “लाईट आली बे!” आणि लाईट खरंच गेलेली असली की तीच माणसं उठून उभी राहायची. “कावून गेली बे लाईट? आमची मोटर काय तुझ्या बापानं चालवायची?” आबा सायकलवरून न उतरता सांगायचे, “मी गेलतो का न्यायला? वरूनच गेली.” ते ‘वर’ बोट दाखवायचे तेव्हा ते बोट नक्की कुणाकडं असायचं, देवाकडं की मुंबईकडं, ते मला कधी कळलं नाही.

त्यामुळं शाळेत शिनगारे सरांनी अणूचा धडा शिकवला तेव्हा मी हरखून गेले होते. बोटाच्या पेराएवढ्या गोळीत गाडीभर कोळशाचा जोर! धूर नाही, राख नाही, डोळ्यांत जाणारी कणी नाही. मला वाटलं, हे आलं की आबांना कुणी शिव्या देणार नाही. विज्ञानावरचं माझं सगळं प्रेम एवढ्या एका गोष्टीतून उगवलेलं आहे. पुढं पदव्या घेतल्या, पण त्याहून मोठं कारण मला मिळालं नाही.

रुक्मिणी माझ्या बाकावर बसायची. किल्ल्याच्या पलीकडं, ओढा ओलांडून, तिची वस्ती होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. चौथीपासून दर दिवाळीला ती वर्गातून नाहीशी व्हायची आणि चैत्रात परत यायची, हाताला पाचटाचे ओरखडे आणि बोलण्यात कुठल्या कुठल्या गावांची नावं घेऊन. गाळलेले धडे ती माझ्या वह्यांतून आठ दिवसांत पाठ करायची. मला याचा रागच यायचा, कारण मी सहा महिने बसून जे शिकायची ते तिला आठ दिवसांत यायचं. ती माझी जिवलग होती, आणि मला तिचा हेवा वाटायचा. दोन्ही खरं आहे.

त्या वर्षी एका सहकारी साखर कारखान्यानं संस्थापकांच्या स्मरणार्थ वादविवाद स्पर्धा ठेवली. कारखाना बीडच्या पलीकडं होता. ऊसच नव्हता, गाळप होणार नव्हतं, पण चेअरमनसाहेबांचं म्हणणं पडलं की स्पर्धा बंद पडली तर लोक म्हणतील कारखाना मेला. एका शाळेचे दोन विद्यार्थी. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. सगळ्यांची भाषणं झाली की पुन्हा प्रत्येकाला दोन मिनिटं, समोरच्याचं खंडन करायला. परिपत्रकाच्या शेवटी एक ओळ होती: जो विद्यार्थी पहिला येईल, त्याची बारावीपर्यंत राहण्याजेवणाची आणि शिक्षणाची सोय कारखान्याच्या वसतिगृहात होईल.

शिनगारे सरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्म्यावरून रुक्मिणीकडं बघितलं.

तिच्या बापानं अट घातली. “पैली आलीस तर राह्य तिथं. न्हाईतर पोरगं बघून ठिवलंय, त्याला जोडी पायजे.” आमच्याकडं मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा गेला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी विचारत नाही. म्हणून पोराचं लग्न ऊस तोडायला निघायच्या आधी उरकतात. रुक्मिणी पंधरा वर्षांची होती. तिनं हे मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. किल्ल्यातल्या कोरड्या हौदात आम्ही सराव करायला बसलो होतो, तिथं आवाज घुमायचा. ती म्हणाली, “म्हंजी बघ, त्या गोळीसारखंच हाय. तिथं फोडलं तरच जोर निघतो. इथं मात्र जोडलं तर.” मला हसू आलं. आज वर्गात शिकवताना ते वाक्य आठवलं तरी मी फळ्याकडं तोंड करून उभी राहते.

आमचं ठरलं. मुख्य भाषण मी मन लावून करायचं, कारण फिरती ढाल दोघींच्या गुणांवर होती. पण खंडनाची वेळ आली की मी फक्त म्हणायचं, ‘मला काही म्हणायचं नाही,’ आणि खाली बसायचं. म्हणजे तिचे गुण पुढं जातील. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती म्हणाली, “आगं सुरे, डोस्क्यावर न्हाई, गळ्यावर घेत्यात.” मग गळ्याला हात लावूनही घेतली.

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. मला अणूच्या बाजूनं, तिला विरुद्ध. सर म्हणाले, “पोरींनो, नुसती शब्दांची फुलं नकोत. भाषणात आकडे टाका, आकडे! आकड्याशिवाय परीक्षक मान हलवत नाहीत.” रुक्मिणीनं शांतपणे विचारलं, “सर, आकडा टाकला तर हिचा बाप पकडंल की.” वर्ग खिदळला. सरही हसले. कारण तिच्या वस्तीवर एकाच्याही घरात मीटर नव्हतं. बांबूला तार बांधून वरच्या लाईनवर आकडा टाकायचा, आणि एक पिवळा दिवा लागायचा. हे गावाला माहीत होतं, आबांना तर पक्कं माहीत होतं. ते वस्तीवर जायचे त्या दिवशी ओढ्यापासूनच सायकलची घंटी वाजवत सुटायचे. घंटी ऐकली की बाया बांबूनं आकडे काढून घ्यायच्या. आबा पोचायचे, कोरा चहा प्यायचे, वर बघून म्हणायचे, “तार लई लोंबायली, बघाया पायजे,” आणि निघून यायचे. ते ओढा उतरले की दिवे पुन्हा लागायचे. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं.

तिच्या घरी आम्ही भाषण म्हणून दाखवलं तो दिवस मला अजून दिसतो. मथुरामामी, म्हणजे तिची आई, चुलीतल्या राखेनं भांडी घासत होती. पाणी नव्हतं, म्हणून त्या दिवसांत सगळेच राखेनं घासून फडक्यानं पुसत. मी ऐटीत सुरू केलं: “अणुभट्टी हे मानवाला मिळालेलं वरदान आहे!” मामीचा हात थांबला.

“भट्टीवर भाषान? आगं, भट्टीपायी हिचा चुलता गेला. अन् शाळेत तेच शिकवायलेत का तुमाला?”

“हातभट्टी न्हाई गं आई, अणुभट्टी. लाईटीची.”

“भट्टी ती भट्टी. तू बाजूनं हायस का तिच्या?”

“मी इरुद्ध हाय. ही बाजूनं हाय.”

मामीनं माझ्याकडं नीट बघितलं. “वायरमनची पोरगी असून?” म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली. आम्ही दोघी ओढ्यापर्यंत हसत गेलो. मग रुक्मिणी एकदम थांबली आणि म्हणाली, “आई खुळी न्हाई बघ.” तिनं तिथंच, वाळूवर बसून, भाषण नव्यानं लिहायला घेतलं.

स्पर्धेला आम्ही एसटीनं निघालो. सर होते, आबाही रजा टाकून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. बस मांजरसुंब्यावरून पालीला आली तेव्हा सगळे खिडकीकडं सरकले. बिंदुसरेच्या धरणात पाणी म्हणून काही नव्हतं. तळाच्या गाळाला भेगा पडल्या होत्या आणि मधून एक बैलगाडी आरामात चालली होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “जलमात पैल्यांदा तळ बघितला.” रुक्मिणीनं वही उघडून एक ओळ वाढवली.

कारखाना लांबूनच दिसला. धुराड्यातून धूर नव्हता, मळीचा वास नव्हता, वजनकाट्यावर कुत्री झोपली होती. स्वच्छ ऊर्जेवर बोलायला त्या दिवशी जिल्ह्यात याहून स्वच्छ जागा सापडली नसती. दुपारी जेवणात शिरा होता, तो फिका. आबा हळूच म्हणाले, “साखरकारखान्यात फिका शिरा, म्हंजी दुष्काळ खराच हाय.” आम्ही चौघं हसलो. ते माझं रुक्मिणीबरोबरचं शेवटचं मोकळं हसू.

माझं भाषण चांगलं झालं. मी गोळी सांगितली, कोळशाची राख सांगितली, सरांनी दिलेले आकडे टाकले. टाळ्या पडल्या. मग ती उभी राहिली. सरांनी तिच्याकडून ‘हाय’चं ‘आहे’ करून घेतलं होतं. चारपाच वाक्यं ती पुस्तकासारखी बोलली. मग वही मिटली.

“स्वच्छ म्हंजी काय? आमी भांडी राखेनं घासतो. घासल्यावर ती चमकत्यात. पण इसळाया पाणी न्हाई. बिगर इसळलेलं भांडं स्वच्छ का? ही अणूची भट्टी थंड करायला पाणी लागतं. जळून गेलेलं इंधन सुदिक वर्सानुवर्सं पाण्यात बुडवून ठिवावं लागतं. सकाळी आमी पालीचं धरण बघून आलोत, त्यात बैलगाडी चालली व्हती. माझी आई म्हणती, भट्टी ती भट्टी. आमी वीटभट्टीवर गेलो, गुळाच्या भट्टीवर गेलो. आजवर जेवढ्या भट्ट्या बघितल्या, त्या सगळ्यांच्या तोंडाशी आमचंच माणूस व्हतं. ही नवी भट्टी धूर सोडत न्हाई म्हणता. मंग तिची राख कुठं ठिवणार? कुणाच्या गावाशेजारी? जे गाव बोलत न्हाई, त्याच्याच ना?”

मग ती हसली आणि म्हणाली, “अन् वीज कोळशाची असो का अणूची, आमच्या वस्तीवर ती वायरमनच्या सायकलवर बसून येती, अन् त्या सायकलचं चाक नेहमी पंक्चर!”

लोक हसून हसून लोळले. टाळ्या थांबेनात. मी मागं वळून बघितलं. आबा सगळ्यांत जास्त हसत होते, डोळे पुसत होते.

पुढं जे झालं त्याला मी पुष्कळ वर्षं ‘तिनं माझ्या बापाची थट्टा केली म्हणून’ असं कारण दिलं. सरांना, आईला, स्वतःला. ते खोटं आहे. माझ्या टाळ्यांपेक्षा तिच्या टाळ्या जास्त होत्या, एवढंच कारण होतं. खंडनासाठी माझं नाव पुकारलं. मला एकच वाक्य म्हणायचं होतं. माइकसमोर गेले, समोर सगळे चेहरे अजून तिच्या विनोदावर हसत होते, आणि माझ्या तोंडून निघालं:

“माझ्या मैत्रिणीनं विचारलं, स्वच्छ म्हणजे काय. मी विचारते, ज्यांच्या घरात मीटर नाही, ज्यांचा दिवा चोरीच्या तारेवर लागतो, त्यांना विजेच्या स्वच्छतेवर बोलायचा अधिकार काय? आधी घरचा आकडा काढा, मग दुसऱ्याला आकडे विचारा!”

काय टाळ्या पडल्या त्या! चेअरमनसाहेबांनी टेबलावर थाप मारली. प्रमुख पाहुणे वीज खात्यातले एक अधिकारी होते. ते हसत शेजाऱ्याच्या कानाला लागले, आणि मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मी खाली आले तेव्हा माझे कान गरम झाले होते आणि मला आनंद झाला होता. हे लिहायला हात जड होतो, पण मला आनंद झाला होता.

मग रुक्मिणीचं नाव पुकारलं. ती गेली, माइकची दांडी धरली. दोन मिनिटं म्हणजे किती मोठी असतात ते मी त्या दिवशी बघितलं. सर खालून खुणा करत होते, बोल, बोल. घंटा वाजायच्या आधी ती शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाली, “मला काही म्हणायचं नाही.”

पहिला नंबर माझा आला.

परतीच्या बसमध्ये ढाल सरांच्या मांडीवर होती. रुक्मिणी माझ्याच शेजारी बसली. दुसरी जागा नव्हती. तिनं पिशवीतून शेंगदाणे काढले, निम्मे माझ्या हातावर ठेवले. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा आबा मला खाली घेऊन गेले. मला वाटलं चहा पाजतील. ते रस्त्याकडं बघत म्हणाले, “बाई, तो आकडा मला दिसत नव्हता. आता दिसाया लागला.” आयुष्यात ते मला यापेक्षा कठोर काही बोलले नाहीत.

आठव्या दिवशी वरून कागद आला. आबा वस्तीवर गेले. ते घंटी न वाजवता गेले, कारण सोबत जीपमध्ये माणसं होती. सगळ्या घरांचे आकडे निघाले. मथुरामामीनं त्यांना तरीही कोरा चहा दिला आणि त्यांनी तो घेतला नाही. संध्याकाळी घरी येऊन ते जेवले नाहीत, पक्कड आणि हातमोजे नुसते पुसत बसले.

दसऱ्याच्या चार दिवस आधी रुक्मिणीला हळद लागली. मुहूर्त कुणी बघितला नाही, मुकादमाचा ट्रक हाच मुहूर्त. मी गेले नाही. आईनं साडीचोळी दिली, मी ताप आल्याचं सोंग करून पडून राहिले. ट्रक आमच्या घरावरून गेला तेव्हा मला कळलं, कारण पाठीमागं भांड्यांचा, बकरीचा आणि लहान पोरांचा आवाज होता. त्या आवाजात तिचा कुठला ते मला ओळखू आलं नाही.

आणि वसतिगृह? ते त्या वर्षी उघडलंच नाही. गाळप नाही, कामगारांचे पगार नाहीत, वसतिगृह कुठून उघडणार? मला एक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर माझं नाव चुकलेलं होतं. म्हणजे मी तिचं जे हिसकावून घेतलं ते मुळात तिथं नव्हतंच. ती पहिली आली असती तरी ट्रकातच बसली असती. पुष्कळ लोक याला दिलासा म्हणतील. मला हे फार वाईट वाटतं. माझा गुन्हासुद्धा फुकट गेला. तिच्यावर अन्याय करायची गरजच नव्हती, दुष्काळ आणि कारखाना मिळून ते करणारच होते. मी आपली वरून तिची जीभ तेवढी काढून घेतली.

तेव्हापासून मी हा वाद ऐकत आले आहे. भौतिकशास्त्र शिकले, आणि रुक्मिणीची प्रत्येक शंका खरी होती हे पुस्तकांतून कळत गेलं. माझे मुद्देही खोटे नव्हते. कोळसा माणसांची छाती भरतो, हे खरंच. अणूला धूर नाही, हेही खरंच. समुद्राकाठी पाणी असतं, पण तिथंही गावं असतात. इकडं बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, माळावर सौर पट्ट्यांची शेतं झाली. ज्यांची गुरं तिथं चरायची ती माणसं आता कुठं गुरं नेतात ते कुणी विचारत नाही. स्वच्छ विजेचा आकडा कुणाच्या तरी अंगणावर टाकलेला असतोच, एवढं मला कळलं आहे. यातून वाट काय? मला माहीत नाही. वयाबरोबर माणसाला उत्तरं सापडतात म्हणतात; माझ्या बाबतीत प्रश्नच तेवढे जड होत गेले. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असं शिनगारे सर म्हणायचे. त्यांनी ते आम्हाला उत्तेजन म्हणून सांगितलं होतं.

तरीही गेल्या आठवड्यात मी उमापूरला गेले. परीक्षक म्हणून जाणं टाळता आलं असतं, पण नाही टाळलं. शाळेच्या पटांगणात मांडव, लाउडस्पीकर, खुर्च्यांना पांढरी कापडं. तेरा जोड्या बोलल्या. तीच गोळी, तीच राख, तेच जपान. आकडे फार होते. एकाही मुलानं पाणी कुठून आणणार असं विचारलं नाही, आणि कुंपणाच्या पलीकडं, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, टँकरपाशी घागरींची रांग होती. गुण मांडताना माझा हात सारखा थांबत होता. बाजूनं बोललेली एक चुणचुणीत मुलगी पहिली आली. तिचा सत्कार माझ्या हातून झाला.

बाहेर पडले तर रांगेतून हाक आली, “सुरे!”

मला या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. वळून बघितलं. कपाळावरचं गोंदण नसतं तर मी ओळखलं नसतं. माझ्याच वयाची बाई, आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी थकलेली. लग्न होऊन ती उमापूरलाच आली होती, हे मला ठाऊक होतं. म्हणजे मी त्या पत्राला होकार का दिला, तेही मला ठाऊक होतं.

“रुक्मे,” मी म्हटलं, आणि रांगेपाशी गेले.

“कर्ण्यावर ऐकत व्हते,” ती म्हणाली. लाउडस्पीकरला तिकडं कर्णा म्हणतात. “तोच इषय हाय न्हवं? कोण जितलं?”

“गावातलीच एक मुलगी.”

“बाजूनं का इरुद्ध?”

“बाजूनं.”

“हां. बाजूनंच जितत्यात.” यात टोमणा नव्हता. तिनं घागर एक पाऊल पुढं सरकवली. “परवा निघायलोत आमी. औंदा कर्नाटकात. दोन कोयते, एक आमचा अन् एक थोरल्या पोराचा.”

मी तिचा हात धरला. तळवा लाकडासारखा झाला होता. “रुक्मे, त्या दिवशी मी जे बोलले... मी शपथ घेतली होती गं.”

“चुकीचं कुठं बोललीस? आकडा व्हताच की.” ती माझीच समजूत काढायला लागली. “मला तवाच पटलं. मीच येडी, नगं तिथं तोंड उघडलं. तवापसून चारचौघांत बोललेच न्हाई बघ मी. बचत गटात बी नुसती बसून येते. बाया म्हणत्यात, मुकी हाय.”

मला रडू आलं. रांगेतल्या बाया बघत होत्या. रुक्मिणीनं पदरानं आपले ओठ पुसले, जरा जवळ सरकली आणि हळू आवाजात, परवानगी मागावी तसं, विचारलं, “आता मीटर हाय माझ्या घरी. बिल बी भरतो आमी. आता बोललं तर चालंल न्हवं?”

“बोल ना गं,” मी म्हटलं. “बोल. मी ऐकते.”

तिनं घागर खाली ठेवली. ताठ उभी राहिली, हात बाजूला सरळ, सरांनी शिकवलं होतं तसे. मांडवाकडं बघत राहिली. मागच्या बाया पुढं सरकल्या, तिचा नंबर गेला. ओठ दोनदा हलले.

“काय बोलायचं व्हतं,” ती म्हणाली, “तेच ध्यानात न्हाई आता.”